खान्देशात बदली होऊन आलात? दवाखान्याचं आधी हे बघून ठेवा

जळगाव, धुळे, नंदुरबारपैकी कुठल्या खेड्यावर ऑर्डर निघाली की माणूस आधी खोली बघतो, पाणी किती दिवसाआड येतं ते विचारतो, पोरांची शाळा बघतो, आणि दवाखान्याचं म्हणतो, लागलं तर बघू. इथं तसं चालत नाही. अडावद, बोराडी, धडगाव अशा बाजूला राहणार असाल तर रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा, कुठल्या दवाखान्यात जायचं आणि कुठल्या दवाखान्यात जाऊन वेळ घालवायचा नाही, हे ठणठणीत असतानाच ठरलेलं पाहिजे. शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले, महावितरणवाले, शिवाय लग्न होऊन इकडे आलेल्या पोरी, सगळ्यांसाठी लिहितोय. गणित साधं आहे, सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या असतात, नेहमीच्या दुखण्याला त्या एकेक चढायच्या, आणि चार-पाच गोष्टी अशा की तिथं पायऱ्या सोडून सरळ उडी मारायची. लोकांचं नेमकं उलटं होतं, सर्दी-खोकल्याला जळगाव गाठतात अन् साप चावल्यावर गावातच बसून राहतात.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

आशाताईला शोधा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते, म्हणजे तुमच्या गल्लीची कोण ते अंगणवाडीत विचारलं तरी कळतं. तिचा नंबर घ्या, घरात कोण कोण आहे ते तिच्या रजिस्टरला लिहून द्या, बाळ असेल तर लसीकरणाचं कार्ड दाखवा. गावात लसीकरणाचा दिवस महिन्यातून एकदा ठरलेला असतो, सिस्टर लसीचा निळा डबा घेऊन अंगणवाडीत येतात, तो दिवस चुकला की पुढच्या महिन्यापर्यंत थांबा नाहीतर पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला जा.

मग एका सकाळी गाडी काढून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाऊन या, काही झालेलं नसताना. रस्ता कसा आहे, पावसाळ्यात मधला नाला चढतो का, बोर्डावर ओपीडीची वेळ काय लिहिलीय, डॉक्टर क्वार्टरला राहतात का तालुक्याहून ये-जा करतात. ओपीडी साधारण सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि परत दुपारी चार ते सहा अशी असते, पण तुमच्या केंद्राचा बोर्ड काय म्हणतो ते खरं. डिलिव्हरी आणि इमर्जन्सी चोवीस तास. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोक बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतात आणि लाईन गेटपर्यंत येते. होळीच्या आठवड्यात सातपुड्यात तर सगळा कारभारच भोंगऱ्याच्या बाजाराकडे वळलेला असतो, त्यामुळे बीपी-शुगरच्या गोळ्या आधीच भरून ठेवायच्या.

पायऱ्या

सगळ्यात खाली उपकेंद्र, सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक, आदिवासी भागात ३,००० ला एक. तिथं नर्सबाई असतात, आता बऱ्याच ठिकाणी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी पण असतात, बीपी-शुगर तपासणं, महिन्याच्या गोळ्या, गरोदर बाईची तपासणी, मलेरियाचं रक्त एवढं तिथं होतं. फोनवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात, त्याला ई-संजीवनी म्हणतात, रेंज असली तर कामाचं आहे.

त्याच्या वर पीएचसी, ३०,००० किंवा आदिवासी भागात २०,००० लोकांमागे, एमबीबीएस नाहीतर बीएएमएस डॉक्टर, साधारण सहा खाटा. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, ३० खाटांचं, धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, रावेर, साक्री अशा ठिकाणी. मग उपजिल्हा रुग्णालय, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, तळोदा, नवापूर. सगळ्यात वर जिल्ह्याचं सिव्हिल आणि मेडिकल कॉलेज. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे कॉलेज सगळ्यात जुनं, जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं. ही कॉलेजं यायच्या आधी इकडचे पेशंट सुरत, नाशिक नाहीतर इंदूर गाठायचे, नवापूरची माणसं अजूनही सुरतेला जातात, रेल्वे सोयीची पडते.

पैशाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी-औषधांपर्यंत सगळं फुकट आहे. मेडिकल कॉलेजचे दवाखाने दुसऱ्या खात्याचे, तिथं थोडीफार फी लागू शकते, तेव्हा पीएचसीत फुकट होतं मग इथं कसे पैसे म्हणून खिडकीवर भांडू नका.

कागदं, आणि सुनेचं नाव

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ऐकली असेल. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे होता. आता ती आयुष्मान भारतला जोडलीय, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं चालतं, पांढरं सुद्धा. पगारदार माणसांना वाटतं आपल्याला काय मिळणार, तर तसं नाहीये. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी त्या टेबलावर जायचं, डॉक्टरच्या केबिनमध्ये नंतर. आधी भरती झालात, डिपॉझिट भरलं आणि मग योजनेचं विचारलं की घोळ होतो. योजनेत बसणाऱ्या ऑपरेशनला वरून पैसे मागितले तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावायचा, टोल फ्री आहे.

आता घोळ कुठं होतो तर रेशनकार्डावर. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेलं नसतं अन् सासरच्या कार्डात चढवलेलं नसतं, आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं. मग बाळंतपणाला, ऑपरेशनला सगळीकडं तेच. आरोग्यमित्र तरी काय करणार, त्याच्या कॉम्प्युटरला नाव जुळलं तरच पुढचं पान उघडतं. तहसीलमध्ये जाऊन हे काम आधी उरका, खरं सांगतो, निम्मे दवाखान्याचे प्रश्न तहसील कचेरीत सुटतात. घरात ७० च्या वरचं कोणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

१०८ ला काय सांगायचं

१०८ ची गाडी फुकट असते, आत डॉक्टर असतो. राज्यात २०१४ साली ९३७ गाड्यांवर ही सेवा सुरू झाली. १०२ ही गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी, पीएचसीतून निघते, बाळंतपणानंतर घरी पण सोडते. १०४ वर आरोग्याचा सल्ला मिळतो.

फोन लावला की आधी राज्य आणि जिल्हा सांगा, मग तालुका, मग गाव. हे यासाठी की अक्कलकुवा, नवापूर बाजूला मोबाईल गुजरातचा टॉवर पकडतो, शिरपूर-चोपड्याच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशचा, आणि कॉल तिकडच्या केंद्रात जाऊ शकतो, नंबर तिकडं पण १०८ च आहे. गावाचं नाव सांगून थांबू नका, एकाच नावाची तीन गावं निघतात, जवळचं मोठं गाव, फाटा, पेट्रोलपंप सांगा. पाड्यापर्यंत गाडी चढत नसेल तर गाडी कुठवर येईल ते विचारा आणि पेशंटला घेऊन तिकडं निघा. धडगाव-मोलगीच्या डोंगरात आजही बांबूला कापडाची झोळी बांधून पेशंट खाली रस्त्यावर आणतात, चार माणसं आळीपाळीनं खांदा देतात, म्हणून शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवा हे सांगायला नको. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावांना तर रस्ता म्हणजे पाणीच, तिथं तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स आहे, त्यांच्या फेरीचा दिवस आशाताईला माहीत असतो.

आणि १०८ ची वाट बघत बसायची की गावातली जीप काढायची हा प्रश्न येतोच. गाडी किती वेळात येईल ते फोनवर विचारा आणि हिशोब करा. पीएचसी वीस मिनिटांवर असेल आणि गाडी पाऊण तासावर, तर जीप काढा अन् १०८ ला पीएचसीत यायला सांगा. गावातल्या दोन जीपवाल्यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवा, फोन डिस्चार्ज असतो तेव्हा भिंतच कामाला येते.

इथं पायऱ्या नाहीत

साप. हे जरा सविस्तर सांगतो कारण कापसाच्या अन् केळीच्या रानात राहायचंय. साप चावला की दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. हात-पाय जो असेल तो हलवू द्यायचा नाही, फळीला सैलसर बांधायचा, अंगठी, कडं, जोडवी, चाळ सूज चढायच्या आत काढायचे, आणि निघायचं. माणसाला पळवत नेऊ नका. साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर लस एकच. पीएचसीत लस आहे का हे जूनमध्येच जाऊन विचारून ठेवा, नसेल तर तुमचं पहिलं ठिकाण पीएचसी नाही, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय.

मण्यारीचं वेगळं असतं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण धड दिसत नाही. माणूस पहाटे उठतो, पोट दुखतंय म्हणतो, घशात अडकल्यासारखं वाटतं म्हणतो, घरचे म्हणतात गॅस झाला असंल अन् सोडा पाजतात. पापण्या जड व्हायला लागल्या, बोलणं बोबडं झालं की समजा काय झालंय, लगेच निघा. खळ्यात राखणीला झोपणार असाल तर खाट आणि मच्छरदाणी पाहिजेच, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या.

दवाखान्यात पोचल्यावर आपली माणसं एका गोष्टीवरून हमखास तडकतात. डॉक्टर थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतात, नळी टेबलावर उभी करून ठेवतात आणि वीस मिनिटं कोणी तिला हात लावत नाही. नातेवाईक बाहेर ओरडतात, अहो, इंजेक्शन द्या ना, नुसतं बसवून काय ठेवलंय. पण तीच तर तपासणी आहे, वीस मिनिटांनी नळी कलती केली आणि रक्त गोठलं नसेल तर घोणस-फुरशाचं विष रक्तात उतरलंय हे कळतं आणि लस चालू होते. गोठलं तरी लगेच घरी सोडत नाहीत, पुन्हा पुन्हा बघतात, चोवीस तास ठेवून घेतात. तेवढं थांबा, रात्रीतून पळवून आणू नका.

फवारणीचं विष. पावसाळा सरता सरता कपाशीवर फवारण्या जोरात असतात. अंगावर औषध उडालं, चक्कर, घाम, तोंडाला फेस, डोळ्याची बाहुली बारीक, असं दिसलं की कपडे काढा, साबणानं अंग धुवा, उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, आणि औषधाची बाटली किंवा निदान तिचं लेबल सोबत न्या. बाटली बघून डॉक्टरचा अर्धा तास वाचतो. पोलीस केस होईल म्हणून कोणी काय प्यायलं ते लपवतात, तसं करू नका, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, हा दवाखान्याचा नेहमीचा कागद आहे, साप चावला तरी तो होतो आणि पुढं शेतकरी अपघात योजनेची मदत मागायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

कुत्रं चावलं तर नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. चटणी, चुना, हळद काही नाही. लस पीएचसीत फुकट, त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं, ते सगळ्या पीएचसीत नसतं, तेव्हा स्पष्ट विचारा आणि नसेल तर वरच्या दवाखान्याची चिठ्ठी घ्या.

आणि ऊन. पुण्या-कोल्हापूरकडून आलेल्यांना ४२ डिग्री म्हणजे बातमी वाटते, जळगाव-भुसावळला ४५ च्या पुढं जातं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास दुपारी बारा ते चार बाहेरची कामं ठेवूच नका. माणूस बरळायला लागला, अंग तापलं तर सावलीत घ्या, ओल्या कापडानं अंग पुसत राहा, वारा घाला, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, दवाखान्यात न्या. उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यांत उष्माघात कक्ष असतो.

बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी हा आपला रिवाज आहे, राहू द्या, पण माता-बाल कार्ड बाईसोबत गेलं पाहिजे. नोंद सासरी, बाळंतपण माहेरी, अन् कार्ड कपाटात, मग तिकडच्या सिस्टरला कळत नाही रक्त किती होतं, बीपी कधी वाढलं होतं. पोचल्यावर दोन दिवसांत तिथल्या आशाताईला भेटायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी डॉक्टरकडून होते, निदान एकदा तरी ती गाठा.

आठव्या महिन्यात नवऱ्यानं किंवा सासूबाईंनी दवाखान्यात जाऊन तीन गोष्टी विचारायच्या, लाजायचं काय त्यात. इथं सिझर होतं का? भूल देणारे डॉक्टर रोज असतात की बोलवावे लागतात? रक्त लागलं तर कुठून येतं? मोठी बिल्डिंग आहे म्हणून सिझर होतंच असं नाही. तिन्हींची उत्तरं धड मिळाली नाहीत आणि बाईला आधीचं सिझर आहे, बीपी आहे, जुळं आहे किंवा रक्त (हिमोग्लोबिन) ७ च्या खाली आहे, तर सरळ उपजिल्हा नाहीतर मेडिकल कॉलेज धरा. डोकं गच्च दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, झटका, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं की त्याच तासाला निघायचं, सकाळ होऊ द्यायची नाही.

डोंगरातल्या पाड्यांसाठी काही पीएचसीत माहेरघर आहे, तारखेच्या काही दिवस आधीच बाई तिथं येऊन राहते, सोबत लहान मूल अन् एक नातेवाईक चालतं. ऐन पावसात झोळीतून आणण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, तरी बाया यायला तयार नसतात, कारण घरी शेळ्या कोण बघणार. हे कारण हसण्यासारखं नाही, आधी शेळ्यांची सोय लावा, मग बाई येते.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण, गाडी सगळं फुकट. जननी सुरक्षा योजनेचे खेड्यात ७०० रुपये आणि मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० खात्यावर येतात, योजनेच्या अटीत बसत असाल आणि खातं आधारला जोडलेलं असलं तर.

सिकलसेल

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात हा आईबापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार बराच आहे. नवीन आलेल्या शिक्षकांनी तर हे वाचाच. वर्गातलं पोर सारखं सांधे दुखतात म्हणतं, डोळे पिवळे, दमतं, सारखी दांडी, तर आळशी म्हणू नका, आईबापाला तपासणीचं सांगा. रक्ताची पहिली चाचणी खालीच होते, पक्कं निदान वरून येतं. नुसता वाहक असलेला माणूस आजारी नसतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार व्हायची शक्यता चारात एक. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी रिपोर्ट बघा. आजार असलेल्या पोराला पाणी भरपूर, उन्हात पीटी नाही, ताप आला की वाट न बघता दवाखाना. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, त्या मधेच बंद करायच्या नाहीत.

टीबीची औषधं चालू असताना बदली झाली असेल तर निक्षय आयडी, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदीचा नंबर सांगा, उपचार इथल्या केंद्राला जोडून मिळतात आणि पोषणाचे महिना १,००० रुपये चालू राहतात.

बडवा आणि रात्रीचा डॉक्टर

डोंगरात लोक आधी बडव्याकडं, भगताकडं, म्हणजे मंत्र-झाडफूक करणाऱ्याकडं जातात. नवीन माणूस तिथं अंधश्रद्धेवर भाषण ठोकतो आणि त्या घराचा दरवाजा त्याला कायमचा बंद होतो. त्यापेक्षा म्हणा, दादा, गाडी बोलावलीय, बडव्याला पण सोबत घेऊ. बरेच बडवे येतात, आणि ते आले की घरचे दवाखान्यात थांबतात.

बोगस डॉक्टरचं मात्र वेगळं. तो रात्री अकराला पण दार उघडतो, उधारी ठेवतो, अहिराणीत विचारतो काय हुयनं बापू, अन् सलाईन लावतो, सलाईन लागलं की माणसाला पैसे वसूल वाटतात. लोक का जातात ते कळतं, पण भिंतीवर रजिस्ट्रेशन नंबर नसेल तर इंजेक्शन घेऊ नका, तापात तर अजिबात नाही, डेंग्यूत चुकीचं इंजेक्शन अंगाशी येतं.

तक्रार कुठं करायची

डॉक्टर नाहीत, औषध बाहेरून आणायला लावलं, असं झालं की लोक व्हॉट्सॲपच्या गटात फोटो टाकतात. त्यानं चर्चा होते, औषध येत नाही. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेकडं येतात, तिथं आधी तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडं, म्हणजे सिव्हिल सर्जन. मेडिकल कॉलेजला अधिष्ठाता. चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला की तो तिथंच पडून राहतो. अर्जात तारीख, वेळ, केसपेपर नंबर आणि नेमकं काय मिळालं नाही एवढंच लिहा, शिव्या नकोत. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवकचा शिक्का आणि नंबर मारून घ्या.